‘भाषा आणि मन’ चर्चासत्र: मराठवाड्यात भरले, पण मराठवाड्याविषयी किती बोलले?

अंबाजोगाईकर

गेल्या महिन्यात आमच्या भागातील एका महाविद्यालयात भाषा आणि मन या विषयावर राष्ट्रीय चर्चासत्र झाले. भाषाविज्ञान, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान आणि शिक्षणशास्त्र या विषयांची माणसे एकाच सभागृहात बसण्याचा योग आपल्याकडे क्वचित येतो, म्हणून मी आवर्जून गेले होते. तेथे जे ऐकले त्यावर या विषयात काम करणाऱ्यांशी सविस्तर बोलावे, यासाठी हा धागा काढत आहे. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि लांबलेले प्रास्ताविक यांत पहिली सकाळ गेली. त्याची आता सवय झाली आहे, त्यामुळे तक्रार त्याबद्दल नाही.

बीजभाषण अभ्यासपूर्ण होते. भाषा ही सवयीने जडणारी वर्तणूक आहे असे मांडणारे बी. एफ. स्किनर यांचे पुस्तक १९५७ साली आले आणि १९५९ साली नोम चॉम्स्की यांनी त्याचे कठोर परीक्षण लिहिले, येथून वक्त्यांनी सुरुवात केली. तेथून मागे जाऊन त्यांनी पॉल ब्रोका यांचा १८६१ सालचा रुग्ण सांगितला, ज्याला समजत बरेच होते पण तोंडातून जवळजवळ एकच अक्षर निघे. मग कार्ल व्हेर्निके यांनी १८७४ साली वर्णिलेले रुग्ण सांगितले, जे अस्खलित बोलत पण ज्यांच्या बोलण्याला अर्थ नसे. पुढे निबंधवाचन सुरू झाले. प्रत्येकाला सात मिनिटे, आणि त्यांतील दोन मिनिटे मान्यवरांचे आभार मानण्यात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमधील आदिवासी डावे-उजवे न म्हणता पूर्व-पश्चिम अशा दिशा कशा सांगतात, टोरांटोमधील द्विभाषिक वृद्धांना स्मृतिभ्रंश उशिरा का होतो, ओडिशातील कोंध मुले दोन भाषा कशी सांभाळतात, हे सारे ऐकायला मिळाले. मराठवाड्यात बोलल्या जाणाऱ्या भाषेवर आधारलेला निबंध मात्र संपूर्ण यादीत एकही नव्हता.

ज्या प्रदेशात आपण बसलो होतो तो कसा आहे, हे जरा डोळ्यांपुढे आणावे. किनवट-माहूरकडे गोंडी आणि कोलामी आहे, बिलोली, देगलूर आणि धर्माबादेत तेलुगू आहे, उदगीर, निलंगा आणि उमरग्याच्या शिवेवर कन्नड आहे, बंजारा तांड्यांवर गोरमाटी, म्हणजेच लमाणी, आहे आणि तालुक्याच्या बहुतेक गावांत दखनी (उर्दूची दक्षिणेकडील बोली) आहे. १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत येथील सरकारी कारभाराची भाषा उर्दू होती. अनेक भाषांचा मनावर काय परिणाम होतो हे तपासायचे असेल, तर याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. परंतु माझे म्हणणे याच्याही आधीच्या पायरीचे आहे. येथे कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतो, हेच नीट नोंदलेले नाही. जनगणनेत मातृभाषा आणि त्याखेरीज जास्तीत जास्त दोन भाषा नोंदवल्या जातात, आणि लमाणी ही मातृभाषा हिंदीच्या गटात मिळवली जाते. म्हणजे घरात गोरमाटी, मुलांच्या शाळेत मराठी, बाजारात तेलुगू आणि शेजारणीशी दखनी बोलणारी देगलूर तालुक्यातील बाई आकडेवारीत हिंदी भाषक ठरते आणि तिची चौथी भाषा कोणत्याच रकान्यात मावत नाही. अशा नोंदींवर मनाविषयीचे निष्कर्ष कसे उभे राहणार? या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी आपला अनुभव लिहावा, ही विनंती.

पोथीनिष्ठ

ताई, आपली तक्रार रास्त आहे. मला मात्र व्याकरणकार-तत्त्वज्ञ भर्तृहरीला बीजभाषणात एका वाक्यात उरकले याचे अधिक वाईट वाटले. ‘न सोऽस्ति प्रत्ययो लोके यः शब्दानुगमादृते’ असे त्याच्या वाक्यपदीय या ग्रंथाच्या पहिल्याच कांडात आहे. शब्दाची सोबत नाही असे ज्ञान या जगात नाही, असा तो स्पष्ट दावा आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास केलेला हा दावा, भाषा विचाराला वळण देते हा जो विचार विसाव्या शतकात सपीर आणि व्होर्फ यांच्या नावाने ओळखला जातो त्याच्यापेक्षा कितीतरी जहाल आहे. ज्या भूमीत हालाची गाथासप्तशती संकलित झाली आणि मुकुंदराजांनी विवेकसिंधू लिहिला, तेथे हा विषय पाश्चात्त्य नावांनी सुरू व्हावा आणि त्याच नावांनी संपावा, हे खटकते.

शंकासुर

पोथीनिष्ठ सर, भर्तृहरीचा उल्लेख व्हायला हवा होता याबद्दल दुमत नाही, परंतु तो केवळ आदरापोटी नको. आज तपासता येणारा दावा म्हणून हवा. २०२४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एव्हेलिना फेडोरेंको, स्टीव्हन पियांटाडोसी आणि एडवर्ड गिब्सन यांचा लेख आला. भाषा हे मुख्यतः संवादाचे साधन आहे, विचारासाठी ती अनिवार्य नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. त्यांचे आधार दोन आहेत. बोलताना आणि ऐकताना मेंदूचे जे भाग काम करतात ते गणित किंवा तर्काचे कोडे सोडवताना बव्हंशी शांत असतात, हा पहिला. आणि पक्षाघातात भाषा जवळजवळ पूर्ण गेलेली काही माणसे तरीही हिशेब करतात, बुद्धिबळ खेळतात आणि दुसऱ्याच्या मनातले ओळखतात, हा दुसरा. भर्तृहरीचे अनुयायी यावर म्हणतील की आम्हाला अभिप्रेत असलेला शब्द उच्चारलेला नाही, तो आतला आहे. ते म्हणणे तत्त्वज्ञान म्हणून ठीक आहे, पण मग तो आतला शब्द नाही हे सिद्ध करण्याची वाटच उरत नाही. चर्चासत्रात हे दोन पक्ष समोरासमोर बसवले असते, तर मी सुद्धा आलो असतो.

वाचोपचार_नांदेड

मी वाचा आणि भाषा उपचारतज्ज्ञ म्हणून नांदेडला काम करते. शंकासुर यांनी लिहिलेला दुसरा मुद्दा आमच्या रोजच्या पाहण्यातला आहे. वाचाघात झालेले, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा गेलेले, एक आडत व्यापारी होते. त्यांना स्वतःचे नाव सांगता येत नव्हते, परंतु मुलाने त्यांच्यासमोर वाचलेल्या हिशेबपट्टीत हमाली दोनदा लागली आहे हे त्यांनी बोट ठेवून दाखवले. विचार शाबूत होता, वाट बंद झाली होती. सविस्तर उद्या लिहीन. ताईंनी विचारलेल्या नोंदींच्या प्रश्नावर मला बरेच सांगायचे आहे.

भूमापक

मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालो आहे. भाषाविज्ञानाचा माझा अभ्यास नाही, पण क्वीन्सलँडचे उदाहरण वाचून राहवले नाही. शेतमोजणीच्या कामात उभे आयुष्य गेले आणि परभणी-हिंगोलीकडील शेतकऱ्याच्या तोंडून शिवारात उभा असताना ‘डावीकडे’ किंवा ‘उजवीकडे’ हे शब्द मी फारच क्वचित ऐकले. “लिंबाच्या मावळतीला चार काकऱ्या सोडून दगड हाय” असेच तो सांगणार. दस्तही त्याच रीतीचा असतो: जमिनीच्या चतुःसीमा पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस आणि उत्तरेस कोणाची वहिवाट आहे हे सांगून लिहिल्या जातात, आणि पुढे भावकीत तंटा झाला तर कोर्टात तेच शब्द वाचले जातात. ज्याची जमीन या चार शब्दांवर अवलंबून आहे, त्याच्या डोक्यात ते पक्के बसणारच.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगतो. आमच्या काळी मोजणी फलकयंत्रावर होत असे. तिपाईवर लाकडी फळी, तिच्यावर नकाशाचा कागद, आणि काम सुरू करण्यापूर्वी ती फळी फिरवून कागदावरची उत्तर आणि जमिनीवरची उत्तर जुळवून घ्यायची. फळी अशी जुळलेली असेपर्यंत निरक्षर शेतकरीसुद्धा वाकून पाही आणि “ही माझी विहीर, हा तुमचा नाला” असे बिनचूक दाखवी. तोच कागद काढून आम्ही त्याच्या हातात दिला आणि त्याने वाचायच्या सोयीने स्वतःकडे वळवला, की तो गोंधळून जाई, आणि कागद पुन्हा जमिनीप्रमाणे फिरवीपर्यंत काही बोलत नसे. उलट शहरातून नव्याने आलेली आमची पोरे कागद कसाही धरला तरी वाचत, पण ढगाळ दिवशी उत्तर कोणती म्हणून विचारले की इकडेतिकडे पाहू लागत. घरात शिरल्यावर मात्र तोच शेतकरी ‘चुलीकडे’, ‘दाराकडे’, ‘देवळीकडे’ असे बोलतो. याचा मनाशी काही संबंध आहे का, ते जाणकारांनी सांगावे.

शंकासुर

भूमापक काका, संबंध आहे, आणि आपण जे लिहिले ते चर्चासत्रातील निम्म्या निबंधांपेक्षा मोलाचे आहे. स्टीव्हन लेव्हिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी हीच गोष्ट तपासण्यासाठी एक सोपी चाचणी केली होती. टेबलावर खेळण्यातले प्राणी एका रांगेत मांडायचे, समजा सर्वांची तोंडे उत्तरेकडे आहेत आणि पाहणाऱ्याच्या दृष्टीने ती उजवीकडे आहेत. मग त्या माणसाला अर्धे वळवून दुसऱ्या टेबलापुढे उभे करायचे आणि ‘तशीच रांग लाव’ म्हणायचे. जो प्राण्यांची तोंडे पुन्हा उजवीकडे ठेवतो त्याने स्वतःचे शरीर प्रमाण मानले. जो ती उत्तरेकडे ठेवतो, म्हणजे आता स्वतःच्या डावीकडे, त्याने जमीन प्रमाण मानली. क्वीन्सलँडमधील गुगू यिमिथिर भाषकांनी बहुतांशी जमीन प्रमाण मानली, डच भाषकांनी शरीर. त्यांच्या भाषांतही तोच फरक आहे.

आता आपल्या जवळचे दाखले. एरिक पेडरसन यांनी तमिळ भाषकांत हे तपासले तेव्हा खेड्यातील लोक दिशा वापरताना आणि शहरी लोक डावे-उजवे वापरताना आढळले. भाषा एक, रीती दोन. पिअर डासेन आणि आर. सी. मिश्रा यांचा बाली, नेपाळ आणि वाराणसी येथील मुलांवरचा मोठा अभ्यास २०१० साली पुस्तकरूपाने आला. मुले दिशांच्या भाषेत का विचार करतात याची कारणे त्यांनी केवळ व्याकरणात शोधली नाहीत. घरातील वळण, धार्मिक आचार, शाळेचा प्रकार आणि वस्तीची रचनाही त्यांनी विचारात घेतली. आपल्याकडे दक्षिणेकडे पाय करून झोपू नये हे लेकराला अक्षरओळखीच्या आधी शिकवले जाते. बैठक बदलली, घर बदलले, पाहुण्याच्या घरी गेले, तरी त्याला प्रत्येक वेळी दक्षिण शोधावीच लागते.

तरीही सावधगिरीने एक आक्षेप नोंदवतो. पेगी ली आणि लिला ग्लाइटमन यांनी २००२ साली अमेरिकन विद्यार्थ्यांवर तीच चाचणी केली आणि टेबलाजवळ ठळक खुणा ठेवल्या, तेव्हा इंग्रजी बोलणारे ते विद्यार्थीही खुणांच्या आधाराने ‘जमीन प्रमाण’ मानू लागले. म्हणून त्यांचे म्हणणे असे की फरक भाषेचा नसून परिस्थितीचा आहे: उघड्या शिवारात खुणा दिसतात, बंद खोलीत दिसत नाहीत. लेव्हिन्सन गटाने त्याच वर्षी त्याला उत्तर दिले आणि वाद आजही मिटलेला नाही. काकांनी सांगितलेला शेतकरी शिवारात एक रीत वापरतो आणि घरात दुसरी, यामुळे तो या वादाच्या अगदी मधोमध उभा आहे.

तांड्यावरचा_मास्तर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. वर्गातील बहुसंख्य मुले बंजारा समाजाची आहेत. पहिलीत येणारे मूल घरी गोरमाटी बोलत असते आणि शाळेच्या पहिल्या दिवसापासून त्याची परीक्षा मराठीत सुरू होते. काही वर्षांपूर्वी बाहेरून आलेल्या एका पथकाने बौद्धिक क्षमतेची चाचणी घेतली. सूचना छापील मराठीत, वेळ मोजलेली, आणि आमची निम्मी मुले ‘मंद’ या रकान्यात. त्यातल्याच एका मुलीला मी दुसऱ्या दिवशी तेच प्रश्न मोडक्यातोडक्या गोरमाटीत विचारले, तर तिने जवळजवळ सगळे सोडवले, शिवाय माझे उच्चार दुरुस्त केले. तो अहवाल पुढे कोणी वाचला की नाही हे कळायला मार्ग नाही. त्या मुलांच्या नावापुढे शिक्का राहिला एवढे खरे.

व्याकरणाचेही एक उदाहरण देतो. गोरमाटीत, राजस्थानी गटातील भाषांप्रमाणे, पुल्लिंग आणि स्त्रीलिंग अशी दोनच लिंगे आहेत. त्यामुळे आमची मुले ‘माझी पुस्तक’, ‘मोठा झाड’ असे लिहितात आणि त्याला निष्काळजीपणा म्हणतात. तो निष्काळजीपणा असता तर चुका सगळीकडे विखुरल्या असत्या. प्रत्यक्षात त्या जवळपास सगळ्या नपुंसकलिंगातच होतात. म्हणजे मूल एका नियमाने चालले आहे, फक्त तो नियम दुसऱ्या भाषेचा आहे. चर्चासत्रात ओडिशाचे नाव निघाले ते बरे झाले. अजित मोहंती यांनी तेथील कोंध मुलांची तुलना केली तेव्हा केवळ ओडिया बोलणाऱ्या मुलांपेक्षा कुई आणि ओडिया दोन्ही बोलणारी मुले भाषेविषयी विचार करण्याच्या कामांत सरस दिसली. दोन्ही गट एकाच समाजाचे होते, हे त्या अभ्यासाचे बळ आहे. आमच्याकडे असे कोणी तपासले तर रकान्यांची नावे बदलावी लागतील, असा माझा कयास आहे.

देगलूर_नाका

मी किराणा व्यापारी आहे, संशोधक नाही. तेलुगू गिऱ्हाइकाशी तेलुगूत बोलतो, पण बोलता बोलता बेरीज मनात मराठीतच होते, कारण पाढे मराठीत पाठ केले. मध्यंतरी कसल्यातरी पाहणीसाठी मुले आली होती. ‘कोणकोणत्या भाषा येतात’ असे त्यांनी वडिलांना विचारले, तेव्हा वडिलांनी ‘मराठी आणि थोडी हिंदी’ सांगितले. ते गेल्यावर वडील ओट्यावर बसून दोन तास तेलुगूत गप्पा मारत होते. विचारले तर म्हणाले, ती काय शाळेत शिकलेली भाषा आहे होय? आमच्याकडे भाषा येते याचा अर्थ लिहिता-वाचता येते असाच घेतला जातो.

अंबाजोगाईकर

देगलूर_नाका यांचा प्रतिसाद माझ्या मूळ मुद्द्याच्या अगदी जवळचा आहे. वडील खोटे बोलले नाहीत; प्रश्न चुकीचा होता. त्याऐवजी ‘आठवडी बाजारात कोणाशी कसे बोलता, रागावल्यावर कसे बोलता, देवाला काय म्हणता, हिशेब कोणत्या भाषेत करता’ असे विचारले असते तर तेलुगू आपोआप वर आली असती. आता वाचोपचार_नांदेड यांच्या सविस्तर प्रतिसादाची वाट पाहते.

वाचोपचार_नांदेड

उशीर झाला. मी तीन गोष्टी लिहिते. तिसरी वादाची आहे.

पहिली चाचण्यांविषयी. पक्षाघातानंतर रुग्णाची भाषा किती शिल्लक आहे हे ठरवताना चित्रे ओळखणे, वाक्ये पुन्हा म्हणणे, सूचना पाळणे अशी कामे देतात. मला शिकवलेला मराठी मसुदा प्रमाण भाषेतला होता. त्यात ‘मी बाजारात जात आहे’ हे वाक्य पुन्हा म्हणायला सांगितले की आमचा रुग्ण ‘म्या बाजारात जायलो’ म्हणतो. लातूर-नांदेडकडचा निरोगी माणूसही ‘काय करायलास’ असे विचारतो आणि ‘जेवायलो’ असे उत्तर देतो; चालू काळ सांगण्याची ती येथील नियमित रीत आहे. गुणदानाच्या सूचना काटेकोर पाळल्या तर मात्र सर्वनामाचे रूप चुकले, क्रियापदाचे रूप बदलले, सहायक क्रियापद गळले, अशी एका वाक्यात तीन गुणांची वजाबाकी होते. ही लक्षणे व्याकरण बिघडलेल्या वाचाघाताच्या वर्णनाशी तंतोतंत जुळतात! बोलीचे रूप आणि आजाराचे लक्षण यांतला फरक कळायचा असेल, तर रुग्ण आजारापूर्वी कसा बोलत होता हे घरच्यांकडून ऐकल्याखेरीज उपाय नाही. मी आता प्रत्येक रुग्णाच्या मुलाला किंवा सुनेला तीच वाक्ये आधी म्हणायला लावते आणि मग रुग्णाकडे वळते.

दुसरी गोष्ट, कोणती भाषा आधी परत येते. जुन्या पुस्तकांत दोन फ्रेंच अभ्यासकांचे दोन नियम सांगितलेले असतात. रिबो यांचे म्हणणे, सर्वांत आधी शिकलेली भाषा टिकते. पित्र यांचे १८९५ सालचे म्हणणे, आजारापूर्वी जी अधिक वापरात होती ती आधी परत येते. प्रत्यक्षात दोन्हींना अपवाद भरपूर सापडतात. निजामी राजवटीत उर्दू माध्यमात शिकलेले, नंतरचे आयुष्य मराठीत घालवलेले एक आजोबा माझ्याकडे आणले होते. मराठीत त्यांचे शब्द अडत होते, परंतु महिन्यांची नावे त्यांनी उर्दू शाळेच्या क्रमाने, थांबा न घेता म्हटली. घरच्यांना ते ‘भ्रमिष्टासारखे’ वाटले होते. पाठ केलेल्या मालिका भाषेच्या इतर भागापेक्षा अधिक टिकतात, हे माहीत असल्यामुळे मला त्यातून उपचाराची सुरुवात करता आली. त्या पिढीतील फार थोडी माणसे आता उरली आहेत. त्यांच्या भाषेचा अभ्यास ‘पुढच्या चर्चासत्रापर्यंत’ थांबणारा नाही.

तिसरी गोष्ट. टोरांटोचा अभ्यास वाचला गेला, पण आपल्याला अधिक लागू पडणारा अभ्यास हैदराबादचा आहे, आणि आपले कित्येक रुग्ण त्याच शहरात उपचाराला जातात. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी निजाम्स इन्स्टिट्यूट या रुग्णालयातील ६४८ स्मृतिभ्रंश रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांतले ३९१ द्विभाषिक होते. २०१३ साली त्यांनी प्रसिद्ध केले की द्विभाषिकांत आजाराची सुरुवात सरासरी ४.५ वर्षे उशिरा झाली होती, आणि हा फरक निरक्षर रुग्णांतही दिसला. निरक्षरांविषयीचे हे निरीक्षण फार महत्त्वाचे आहे, कारण त्यामुळे ‘हा केवळ शिक्षणाचा परिणाम आहे’ असे म्हणणे अवघड होते. पुढे २०१६ साली त्याच गटाने पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांविषयी लिहिले: नंतर बौद्धिक क्षमता सामान्य राहिलेल्यांचे प्रमाण द्विभाषिकांत ४०.५ टक्के आणि एकभाषिकांत १९.६ टक्के होते. वाचाघाताच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता. हे का घडते, याचे माझ्या मते सर्वांत पटणारे स्पष्टीकरण असे की दोन भाषा सतत जाग्या असणाऱ्या माणसाला नको ती भाषा क्षणोक्षणी मागे सारावी लागते आणि लक्ष वळवण्याची ती कसरत आयुष्यभर चालते.

शंकासुर

पहिल्या दोन गोष्टींबद्दल मनापासून आभार; ‘जायलो’चे उदाहरण प्रत्येक मानसशास्त्र विभागाच्या फलकावर लावावे असे आहे. तिसऱ्या गोष्टीवर मात्र माझे मत राखून ठेवतो. हैदराबादचा अभ्यास काळजीपूर्वक केलेला आहे, परंतु तो दवाखान्यात पोहोचलेल्या रुग्णांचा आहे. कोण पोहोचते, कोणत्या टप्प्यावर पोहोचते आणि आजार कधी सुरू झाला हे नातेवाइकांना किती आठवते, यांवर सरासरी हलते. निरोगी माणसांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात द्विभाषिकतेमुळे स्मृतिभ्रंशाचा धोका कमी होतो असे आढळले नाही. धोका कमी होणे आणि आजार उशिरा दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला मान्य आहे. तरीही ‘दोन भाषा बोला, मेंदू वाचवा’ अशा मथळ्यांपर्यंत आपण जाऊ नये. शिवाय हैदराबादच्या अभ्यासात दोनपेक्षा अधिक भाषांचा जादा लाभ दिसला नव्हता. देगलूरच्या चार भाषांच्या बाईला चौपट फायदा होतो असे कोणी म्हणू लागेल, म्हणून हे आताच सांगून ठेवतो.

वाचोपचार_नांदेड

चौपट कोणीही म्हटलेले नाही. परंतु आपण जो आक्षेप घेतला तो पुन्हा ताईंच्या प्रश्नापाशीच येतो. ज्यांना ‘एकभाषिक’ म्हणून मोजले जाते त्यांत देगलूर_नाका यांच्या वडिलांसारखे किती असतात? आपल्या भागात अशी तुलना करायची, तर आधी हा गट स्वच्छ करावा लागेल. नाहीतर फरक दिसला तरी अर्थ लागणार नाही आणि न दिसला तरी लागणार नाही.

शंकासुर

हे मान्य. याला माझ्याकडे उत्तर नाही.

अंबाजोगाईकर

मग प्रत्यक्ष कामाकडे वळू या. आयोजकांना मी पत्र लिहीत आहे: पुढच्या वेळी एक पूर्ण सत्र येथील भाषाव्यवहाराच्या नोंदींसाठी ठेवावे आणि त्यात शिक्षक, उपचारतज्ज्ञ आणि काकांसारखी माणसे यांना निबंधाची अट न घालता बोलावावे. दरम्यान दोन लहान कामे या धाग्यावरूनच होऊ शकतात. भाषेची प्रश्नावली मी तयार करते. तिचा मसुदा देगलूर_नाका यांनी वडिलांना विचारून पाहावा आणि तेलुगू वर येते का ते सांगावे. दुसरे काम दिशांच्या चाचणीचे. मास्तर, आपल्या शाळेत ती करता येईल का?

तांड्यावरचा_मास्तर

मुख्याध्यापक आणि पालकांची लेखी संमती घेतली तर करता येईल. खेळण्यातले प्राणी अंगणवाडीतून मिळतील. पण मुलांना सूचना कोणत्या भाषेत द्यायची? मराठीत ‘तशीच’ म्हटले तर मुले आधी माझा चेहरा पाहतात, माझ्या मनात कोणते उत्तर आहे याचा अंदाज घेतात आणि मग हात लावतात.

शंकासुर

सूचना गोरमाटीत द्यावी, आणि ती आपण न देता तांड्यावरच्याच मोठ्या मुलीने द्यावी. तिला चाचणीचा हेतू सांगू नये. आधी सरावासाठी वळण न घेता त्याच टेबलावर रांग लावून घ्यावी, म्हणजे काम समजले की नाही ते कळेल. मग प्रत्येक मुलाची चाचणी दोनदा घ्यावी, एकदा मैदानावर आणि एकदा खिडक्या लावलेल्या वर्गात. निम्म्या मुलांना मैदान आधी द्यावे, निम्म्यांना वर्ग. मैदानावर उत्तर दिशा धरणारे मूल वर्गातही तीच दिशा धरते का, हे पाहायचे आहे.

भूमापक

वर्गाचे दार कोणत्या दिशेला आहे ते आधी लिहून ठेवा. जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळांची दारे उगवतीकडे असतात, आणि पोरांना ते पाठ असते. खिडक्या लावल्या तरी दारावरून ती दिशा ओळखतील. दोन वेगळ्या तोंडांच्या खोल्या मिळाल्या तर घ्या. होकायंत्र माझ्याकडे आहे, मी घेऊन येतो.